जोखीम कुणाच्या माथी
(सप्लाय चेनच्या पदव्युत्तर अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी प्रस्तावना)

अमेरिकेतल्या एमआयटीत १९६०च्या सुमारास एक खेळ तयार झाला. सप्लाय चेन मॅनेजमेंटची पदव्युत्तर पदवी तुम्ही बॉस्टनला घ्या, स्पेनमध्ये घ्या नाहीतर मुंबईच्या पवईत, पहिल्या काही आठवड्यांत तो खेळ तुमच्यापुढे येण्याची शक्यता मोठी आहे. त्याचं नाव ‘बीअर गेम’. चौघांची एक रांग असते: किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकानं पुढच्याची मागणी पुरवायची आणि मागच्याकडे आपली ऑर्डर पाठवायची. एकमेकांशी बोलायला बंदी. ऑर्डर पोचायला वेळ लागतो, माल हाती यायलाही लागतो. पडून राहिलेल्या पेटीचा दर आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, आणि मागणी असून देता न आलेल्या पेटीचा एक डॉलर दंड. गिऱ्हाईक किती माल मागतंय हे फक्त दुकानदाराला दिसतं.

थोड्याच वेळात खोलीतलं वातावरण बदलतं. दुकानदाराकडचा माल संपतो, तो घाबरून जास्त मागवतो. घाऊकवाला ते पाहून आणखी जास्त. कारखान्याकडे पेट्यांच्या ऑर्डरी फुगत जातात, आणि सगळा माल एकदम येऊन थडकला की कित्येक आठवडे ऑर्डरच येत नाही. खेळ संपल्यावर कारखाना चालवणाऱ्याला विचारतात, गिऱ्हाइकाची मागणी कशी असेल, रेघ काढून दाखव. तो डोंगरदऱ्या काढतो. मग खरी मागणी उघड करतात: सुरुवातीचे चार आठवडे चार-चार पेट्या आणि पाचव्या आठवड्यापासून शेवटपर्यंत आठ-आठ. गिऱ्हाईक फक्त एकदा बदललं होतं. बाकीचा सगळा कल्लोळ चार हुशार माणसांनी, आपापल्या जागी शहाण्यासारखं वागून, स्वतःच उभा केलेला असतो.

गणिताच्या आधी हा अनुभव देण्याला कारण आहे. या खेळामागचा विचार जे फॉरेस्टर यांचा. विद्युत अभियंता म्हणून शिकलेला, संगणकाच्या सुरुवातीच्या काळात मोठं काम केलेला हा माणूस नंतर उद्योगांच्या प्रश्नांकडे वळला. १९५८ सालच्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मधल्या लेखात आणि १९६१ सालच्या ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथात त्यांनी दाखवलं, की कारखान्याला बसणारे हिसके दर वेळी बाजारातूनच येतात असं नाही. माहिती आणि माल उशिरा पोचणं एवढ्यानंही ते साखळीच्या आतच तयार होतात. पुढे प्रॉक्टर अँड गॅम्बलला आपल्या डायपरच्या धंद्यात हेच आढळलं. बाळं रोज साधारण तेवढेच डायपर वापरतात, दुकानातली विक्रीही फारशी हलत नाही. वितरकांच्या ऑर्डरी मात्र उसळत होत्या आणि कंपनीनं कच्च्या मालासाठी दिलेल्या ऑर्डरी त्याहून जास्त. याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. १९९७ साली हाउ ली हे अभ्यासक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी त्याची चार कारणं मांडली. पुढच्याच्या ऑर्डरीलाच खरी मागणी समजून अंदाज बांधणं, ऑर्डरी साठवून एकगठ्ठा देणं, सवलतींमुळे किमती वरखाली होणं, आणि टंचाईच्या भीतीनं गरजेपेक्षा जास्त मागणं. आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या डिस्पॅच विभागात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जाऊन उभं राहा. यातली निदान तीन कारणं एकाच दुपारी कामाला लागलेली दिसतील. विक्रीचं टार्गेट गाठायचं म्हणून स्कीम लावून माल वितरकाच्या गळ्यात मारला जातो, गाड्या मिळत नाहीत, भाडं चढतं, आणि पुढच्या महिन्याचे पहिले दहा दिवस गोदामात शुकशुकाट.

खेळ वर्गात संपतो तेव्हा सगळे हसतात, कारण दंडाचे डॉलर खोटे असतात. खऱ्या साखळीत ते कुणीतरी खरोखर भरतं. हे पुस्तक लिहिताना माझ्यापुढे सतत हाच प्रश्न होता, आणि वाचकानंही तो मनात धरून पुढची प्रकरणं वाचावीत अशी माझी इच्छा आहे. मागणी नक्की किती, माल केव्हा येणार, जहाज कधी लागणार, पाऊस कधी पडणार, ही अनिश्चितता कुठल्याही साखळीतून पूर्ण जात नाही. साठा करून, जास्त क्षमता ठेवून, लवकर पैसे देऊन किंवा थांबून तिची किंमत मोजावी लागते. सप्लाय चेनचा पदव्युत्तर अभ्यास म्हणजे ती किंमत मोजायला शिकणं. पण ती कुणाच्या माथी पडते हे पाहायला शिकल्याशिवाय अभ्यास अर्धाच राहतो, आणि बरेच अभ्यासक्रम विद्यार्थ्याला त्या अर्ध्यावर सोडून देतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी अभ्यासाचं स्वरूप पाहू. या पदवीबद्दल घरात सांगितलं की डोळ्यांपुढे ट्रक आणि गोदामं येतात. ती आहेतच, पण अभ्यासाचा मोठा भाग मागणीचा अंदाज, साठ्याचं गणित, वाहतूक आणि गोदामांचं जाळं आखणं, खरेदी आणि करार, आणि या सगळ्याचा पैशाशी असलेला संबंध यांत जातो. त्यातलं पहिलं सूत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. १९१३ साली फोर्ड हॅरिस यांनी एका वेळी किती माल मागवावा याचं उत्तर वर्गमुळात दिलं. मागणी चौपट झाली तर एका वेळची ऑर्डर चौपट करायची नसते, दुप्पट पुरते. दुकान वाढलं की साठाही त्याच पटीत वाढवणाऱ्या व्यापाऱ्याचे पैसे कुठे अडकतात, ते या एका ओळीच्या सूत्रातून दिसतं.

दुसरं गणित पेपरवाल्याचं. समजा, अंक ३ रुपयांना घेऊन ५ रुपयांना विकायचा आणि उरलेला परत घेत नाहीत. सकाळी किती अंक उचलावेत? सरासरी १०० खपतात म्हणून १००, असं बहुतेक जण म्हणतात. पण एक अंक कमी पडला तर २ रुपयांचा नफा हुकतो, एक उरला तर ३ रुपये बुडतात. म्हणून सगळी मागणी भागण्याची शक्यता पाचात दोन, म्हणजे ४० टक्के राहील, एवढेच अंक उचलावेत असं गणित सांगतं. मागणी सरासरीच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असेल, तर हा आकडा शंभरापेक्षा कमी येतो. आता उरलेले अंक वितरक अर्ध्या किमतीत परत घेईल असा करार करा. नुकसान दीड रुपयावर येतं आणि पेपरवाला धीर करून शंभराहून जास्त अंक उचलतो. माणूस तोच, गिऱ्हाइकं तीच. बदलला फक्त जोखमीचा वाटा. लसींपासून फॅशनच्या कपड्यांपर्यंत मोठमोठे करार या लहानशा विचारावर उभे आहेत. पहिल्या सत्रात हे प्रकरण घाईघाईनं उरकू नका, एवढं मी आग्रहानं सांगेन.

तिसरं गणित महाराष्ट्रानं डोळ्यांदेखत पाहिलं. चार गोदामांतली मागणी एकमेकींपासून स्वतंत्र आणि सारखी असेल, तर चारांचं एक गोदाम केल्यावर अडीअडचणीसाठी ठेवायचा साठा निम्म्यावर येतो, कारण एकीकडची तूट दुसरीकडच्या शिलकीतून भरून निघते. पाठ्यपुस्तकाला हे ठाऊक होतं, कंपन्यांनाही ठाऊक होतं, तरी १ जुलै २०१७ पर्यंत त्या राज्याराज्यांत गोदामं ठेवत होत्या. माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकला की केंद्रीय विक्रीकर लागे. स्वतःच्याच गोदामात हलवला तर लागत नसे. जाळं गणितापेक्षा करानं आखलेलं होतं. जीएसटी आला आणि लहान गोदामं मिटवून मोठी बांधण्याचा सपाटा सुरू झाला. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर म्हणून वाढलेल्या भिवंडीला जकात गेल्यावर ओहोटी लागायला हवी होती. झालं उलट, कारण आता तिथून अख्खा पश्चिम भारत पुरवता येत होता. विद्यार्थ्यानं भिवंडीला एकदा जावं. माणकोलीच्या आसपासचा तासाभराचा फेरफटका कायदा, कर, रस्ता आणि वर्गमूळ यांचं नातं जसं दाखवतो, तसं स्लाइड दाखवू शकत नाही.

मोठी जाळी आखायची तर हजारो पर्यायांतून निवड करावी लागते आणि तिथे लिनियर प्रोग्रॅमिंग येतं. जॉर्ज डँटझिग यांची १९४७ सालची सिम्प्लेक्स पद्धत, आणि १९८४ साली बेल लॅब्जमध्ये असताना आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी दिलेली नवी पद्धत, ही या विषयाची दोन मोठी वळणं. आज ती संगणकाच्या पोटात असतात. तुम्हाला हातानं सोडवावी लागणार नाहीत, पण संगणकाला काय विचारलं आणि कुठल्या अटी घातल्या हे तुमच्याच हातात असतं. ‘वाहतूक खर्च कमीत कमी’ एवढंच विचारलं, तर गेटवर नऊ तास उभ्या राहिलेल्या ड्रायव्हरचा वेळ त्या समीकरणात शून्य किमतीचा धरला जातो.

इथे मी माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. चाकण, भोसरी, वाळूज या पट्ट्यांत गाड्यांचे सुटे भाग बनवणारे शेकडो लहान कारखाने आहेत. मोठी कंपनी सांगते, आम्ही साठा ठेवत नाही, भाग लागेल त्या वेळी लाइनवर आला पाहिजे. मग व्हेंडर कंपनीच्या जवळ भाड्यानं गोदाम घेतो आणि तिथे आपल्या पैशानं माल भरून ठेवतो. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात साठा घटतो, तिच्या व्यवस्थापकांचं कौतुक होतं. प्रत्यक्षात साठा गेला नाही, रस्ता ओलांडून पलीकडे गेला. हिशेब करून पाहा. धरा, साठा १ कोटीचा आहे. मोठ्या कंपनीला कर्ज ८ टक्क्यांनी मिळतं आणि लहान कारखान्याला १४ टक्क्यांनी. तोच साठा लहान्याच्या गळ्यात घातल्यावर साखळीचा वर्षाचा खर्च ६ लाखांनी वाढतो, आणि आज ना उद्या तो सुट्या भागाच्या किमतीत, दर्जात किंवा त्या कारखान्याच्या दिवाळखोरीत परत येतो. दुबळ्यावर जोखीम ढकलणं अन्यायाचं आहेच; इथे ते गणितानंही चुकीचं ठरतं. हा हिशेब पदव्युत्तर विद्यार्थ्याला तोंडपाठ असायला हवा, कारण उद्या खरेदी विभागाच्या खुर्चीत तोच बसणार आहे.

बिलांचंही तसंच. २००६च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे द्यायला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत घातली. तरीही बिलं महिनोन्महिने अडकत राहिली, तेव्हा प्राप्तिकर कायद्यात कलम आणलं, की मुदतीत न दिलेली अशी रक्कम, प्रत्यक्ष देईपर्यंत, खर्च म्हणून वजा मिळणार नाही. अर्थशास्त्र, कायदा आणि साठ्याचं सूत्र हे तीन वेगळे विषय असल्याचं विद्यापीठाचं वेळापत्रक सांगतं. लहान कारखानदाराला ते एकाच तारखेला, पगाराच्या दिवशी, एकत्र भेटतात.

याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते प्रत्येक चांगल्या अभ्यासक्रमात शिकवतात. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये करिया इथल्या, आयसिन या पुरवठादार कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या जवळपास सगळ्या गाड्यांच्या ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह तिथे बनत असे, आणि टोयोटाकडे त्याचा साठा काही तासांपुरताच होता. गाड्यांचं उत्पादन थांबलं. पण आयसिननं आराखडे खुले केले, आणि कित्येक पुरवठादारांनी, ज्यांनी तो व्हॉल्व्ह आधी कधी बनवलाही नव्हता त्यांनीसुद्धा, किमतीची घासाघीस न करता काम सुरू केलं. आठवडाभरात टोयोटाची गाडी बरीचशी रुळावर आली. ‘एकाच पुरवठादारावर अवलंबून राहू नका’ हा धडा यातून सगळे घेतात. मला त्याच्यापलीकडची गोष्ट जास्त मोलाची वाटते. आधीची कित्येक वर्षं टोयोटानं पुरवठादारांशी जे नातं जपलं होतं, त्याची किंमत त्या आठवड्यात वसूल झाली.

शेतमालाच्या साखळीवर या पुस्तकात मी सगळ्यांत जास्त पानं खर्च केली आहेत, आणि त्यात नाशिकची द्राक्षं केंद्रस्थानी आहेत. ऑक्टोबर छाटणीपासून पुढे प्रत्येक फवारणीची नोंद, काढणीआधी रासायनिक अंशांची तपासणी, पॅकहाऊसमध्ये प्रीकूलिंग, पेटीत सल्फर डायऑक्साइडचे पॅड, रीफर कंटेनरमध्ये शून्य अंशाच्या आसपासचं तापमान, न्हावाशेवा आणि तिथून समुद्रमार्गे रॉटरडॅम. २०१०च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॅट या वाढरोधकाचे अंश ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल तिथे अडकला. बागेत महिन्यांपूर्वी घेतलेला निर्णय हजारो किलोमीटरवरच्या बंदरात उघडा पडला, आणि तोवर माल परत आणण्याचाही उपयोग उरला नव्हता. पुढे २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होऊ लागले. जहाजं सुएझ सोडून केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली. सफरीचे दिवस वाढले, भाडं वाढलं, आणि नाशवंत मालाच्या टिकाऊपणातले तेवढे दिवस समुद्रातच संपले. अशा वेळी वाढीव भाडं निर्यातदारानं सोसायचं, आयातदारानं की बागायतदारानं? करारात आधी लिहिलेलं नसेल तर ते घासाघिशीत ठरतं, आणि द्राक्षं वेलीवर पिकलेली असताना घासाघीस करणाऱ्या बागायतदाराचा हात सगळ्यांत खाली असतो. कांद्याची तीच कथा, फक्त तिथे समुद्राच्या जागी धोरण येतं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ च्या सुरुवातीला उठली. लासलगावच्या शेतकऱ्यानं चाळीत कांदा किती ठेवावा याचं गणित पेपरवाल्याच्या गणितासारखंच आहे. फरक एवढा, की त्याची मागणी एका अधिसूचनेनं एका रात्रीत बदलू शकते.

गोदामाबद्दल लिहिताना हमालांना वगळणं मला शक्य नव्हतं. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला आणि रोज वेगळ्या मालकाकडे ओझी वाहणाऱ्या माणसाला मंडळाकडे नोंदणी, मजुरीची हमी आणि भविष्य निर्वाह निधी मिळाला. कामाची अनिश्चितता एकट्याच्या डोक्यावर न ठेवता ती सगळ्यांमध्ये वाटून घेण्याची ही व्यवस्था. परदेशी पाठ्यपुस्तकांत तिचं नाव नाही. गोदामातल्या जोखमीच्या वाटपावर प्रबंध लिहू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यासाठी, तिच्या गुणांसह आणि पुढच्या काळात शिरलेल्या दोषांसह, ती अस्सल विषय आहे.

पदवी कुठे घ्यावी, यावर थोडक्यात. मुंबईत विहार तलावाकाठची नीटी ही संस्था १९६३ साली औद्योगिक अभियांत्रिकीसाठी उभी राहिली आणि २०२३ साली आयआयएम मुंबई झाली. ऑपरेशन्स आणि सप्लाय चेन हे तिचं जुनं बळ. एमआयटीत या विषयाची पदव्युत्तर पदवी १९९८ पासून आहे. शिवाय २०१५ साली त्यांनी ‘मायक्रोमास्टर्स’ ही ऑनलाइन वाट काढली ती याच विषयापासून. पाच अभ्यासक्रम आणि शेवटची परीक्षा पार करणाऱ्यांतल्या निवडक विद्यार्थ्यांना एका सत्रापुरतं तिथे जाऊन पदवी पुरी करता येते. स्पेनमधल्या झारागोझाचं केंद्रही एमआयटीच्याच सहकार्यानं चालतं. परदेशी जाणाऱ्यांतले बरेच जण पदवीनंतर तिथे किती काळ काम करता येईल यावर निवड करतात. घरच्यांनी कर्ज काढलेलं असतं, म्हणून तो विचार रास्त आहे. पण त्याच्या जोडीनं तीन गोष्टी जरूर विचारा. शेवटचा प्रकल्प खऱ्या कंपनीच्या खऱ्या आकडेवारीवर असतो का? संख्याशास्त्राचा पाया पक्का करून घेतात की सॉफ्टवेअरची बटणं शिकवतात? आणि खरेदी, करार व श्रम यांना वेळापत्रकात जागा आहे का? दोन वर्षं स्टोअरमध्ये किंवा डिस्पॅचला काम करून मग शिकायला गेलेला विद्यार्थी वर्गात सहसा जास्त मिळवतो. आकडा आणि तो ज्या रजिस्टरातून आला ते रजिस्टर, दोन्ही त्यानं पाहिलेलं असतं.

सांगली, जळगाव, लातूरसारख्या गावांतून येणाऱ्या मुलामुलींना माझं वेगळं सांगणं आहे. हळदीचा सौदा, केळीच्या गाड्यांचं भरणं, सोयाबीनचे दर पाहून माल धरून ठेवायचा की काढायचा यावरून घरात चाललेली चर्चा, हे सगळं तुम्ही लहानपणापासून ऐकलंय. मुलाखतीत आणि वर्गात ते सांगायला संकोच वाटतो, इंग्रजी केस स्टडीपुढे ते गावठी वाटतं. कृपा करून ते बाहेर ठेवू नका. लीड टाइम, साठ्याचा खर्च, टंचाईतला खेळ, पत आणि भरवसा, या अभ्यासातल्या एकेका संकल्पनेला तुमच्याकडे जिवंत पुरावा आहे, आणि वर्गातल्या पुष्कळांकडे तो नाही.

प्रकरणं क्रमानं वाचायलाच हवीत असं नाही. गणिताची धास्ती असलेल्यांनी द्राक्षांच्या प्रकरणापासून सुरुवात करून मग साठ्याच्या सूत्रांकडे यावं. नोकरीत असलेल्यांनी करारांच्या प्रकरणापासून. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दिलेली उदाहरणं मात्र कागद-पेन्सिल घेऊन सोडवावीत आणि प्रत्येक उत्तराखाली आणखी एक ओळ लिहावी: या निर्णयानं कुणाचा साठा वाढला, कुणाचे पैसे अडकले, कुणाला थांबावं लागलं. पदवीच्या शेवटच्या प्रकल्पातही ती ओळ लिहा. मार्गदर्शकानं मागितली नसली तरी.